नागर, नागरी की शहरी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला नको. तुम्ही पहिल्यांदाच एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताय, त्यात १९३० च्या आसपासचा मुंबईतला एक बॅरिस्टर आहे आणि लेखिकेने त्याला 'अर्बेन' (urbane, म्हणजे वागण्याबोलण्यात सफाईदार, अदबशीर) म्हटलंय. तुम्ही शब्दकोश बघून 'माणूस नागर होता' असं लिहिलं, एडिटरने ते खोडून 'नागरी' केलं, आईने वाचलं तर ती म्हणाली शहरातलाच ना, मग सरळ शहरी लिही की, आणि आता तुम्हाला कळत नाहीये की तिघांत बरोबर कोण.

बरोबर तुम्ही. एवढ्यावर काम भागत असेल तर इथेच थांबा, पण माझा सल्ला आहे की पुढचंही वाचा, कारण तुम्ही योग्य शब्द निवडलाय तरी तो त्या जागी चालेलच असं नाही. मी गेली पंचवीसेक वर्षं अनुवाद आणि मुद्रितशोधन याच धंद्यात आहे आणि या तीन शब्दांची अदलाबदल इतक्या वेळा बघितलीये की आता हसूही येत नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न शब्दाचा नाहीच. हा माणूस कुठे राहतो हे वाक्यात सांगायचंय, का तो कसा वागतो हे सांगायचंय, हा खरा प्रश्न. आणि त्याच्या पोटात अजून एक आहे, की हे कौतुक आहे का, आणि असलं तर कोणाच्या तोंडचं.

आधी एडिटरच्या 'नागरी'कडे बघू. नागरी हा आज जवळजवळ पूर्णपणे सरकारी शब्द झालाय. नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक, नागरी वस्ती, नागरी सेवा, नागरी विमान वाहतूक, समान नागरी कायदा. यातल्या कशातही माणसाच्या वागण्याचा वास नाही. जनगणनेत 'नागरी भाग' म्हणतात तेव्हा तर हिशोबच असतो, २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका, नगरपालिका, कॅन्टोन्मेंट वगैरे भाग आपोआप नागरी धरले होते, आणि बाकीच्या गावांना तीन अटी होत्या, लोकसंख्या निदान ५००० हवी, काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत, आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं हवीत. या हिशोबाने तेव्हा महाराष्ट्रातले ४५ टक्क्यांच्या वर लोक नागरी भागात राहणारे निघाले. आता त्यातले किती जण 'अर्बेन' होते हे सांगायला जनगणनेची गरज नाही, कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बसा.

आणि गंमत बघा, नागरी हा शब्द आपण इंग्रजी 'सिव्हिल'ला लावायचा म्हणून लावतो खरा, पण तिथेही तो सगळीकडे चालत नाही. सिव्हिल कोर्ट म्हणजे दिवाणी न्यायालय, सिव्हिल इंजिनिअरिंग म्हणजे स्थापत्य, जुन्या कागदपत्रांत सिव्हिल कारभार म्हणजे मुलकी, सिव्हिल वॉर म्हणजे यादवी, सिव्हिल मॅरेज म्हणजे नोंदणी विवाह, आणि सिव्हिल हॉस्पिटल म्हणजे, पाटीवर काय पण लिहा, लोकांसाठी 'सिव्हिल'च. रिक्षावाल्याला जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणून बघा, तो तुमच्याकडे बघत राहील. तर मुद्दा असा की 'नागरी' खात्याचा शब्द आहे. 'बॅरिस्टरसाहेब मोठे नागरी होते' हे मराठी वाक्यच होत नाही, एडिटरला तुम्ही हे एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं तरी पुरे.

आईचा 'शहरी' हा जिवंत शब्द आहे, रोज बोलला जाणारा, त्याला मी कधी नाव ठेवत नाही. शहर फारसीतून आलेलं, त्याचं शहरी. शहरी मुलगी, शहरी राहणी, शहरी खर्च, शहरी थेरं. पण तो राहणीचा शब्द आहे, कपडे, वेळा, खाणं, सवयी यांच्याबद्दलचा. गावाकडून बघताना तो जरा लांबचा वाटतो, 'शहरी पाहुणे आलेत, त्यांना चूल नको गॅसवरचं द्या' अशा वाक्यात कौतुकही असतं आणि चिमटाही. माणूस शहरी असूनही अत्यंत उद्धट असू शकतो, यात मराठी माणसाला काही विसंगती वाटणार नाही. 'अर्बेन' आणि उद्धट मात्र एका माणसात एका वेळी बसत नाहीत. म्हणून आईचा शब्द बोलायला बरोबर, तुमच्या वाक्याला नाही.

आता नागर. इथे मी जरा रमणार आहे, माफ करा.

नगर, त्याचं नागर, नगरात राहणारा, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हा शब्द पत्त्यावरून वागण्याकडे फार लवकर सरकला. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, महाभारताची थोरवी सांगताना माउलींनी एक साधी उपमा दिलीये, 'ना तरी नगरांतरीं वसिजे। तरी नागराचि होईजे।' शहरात जाऊन राहिलं की माणूस नागर होतो, तसं व्यासांच्या बोलण्याच्या तेजाने सगळं उजळून निघालं. शके १२१२ चं, म्हणजे १२९० चं हे मराठी, आणि बघा, नगरात वसणं आणि नागर होणं या दोन वेगळ्या क्रिया धरल्यात, एक केली की दुसरी होते. दोन्हींचा अर्थ एकच असता तर उपमेत दमच उरला नसता. पुढे दहाव्या अध्यायात तर अजून पुढची पायरी आहे, 'देशियेचेनि नागरपणें। शांतु शृंगारातें जिणे।' देशी म्हणजे मराठी भाषा, आणि तिचं नागरपण असं की शांतरस शृंगाराला जिंकेल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नागरपण संस्कृतचं नाही म्हणत, देशीचं म्हणतायत. म्हणजे तेव्हा नागर आणि देशी हे एकमेकांविरुद्धचे शब्द नव्हते, देशी बोलणंच नागर होऊ शकत होतं.

याच्या मागे जायचं तर कामसूत्रात 'नागरक' भेटतो. लोकांना ते पुस्तक भलत्या कारणासाठी माहीत असतं, पण त्याच्या पहिल्या भागातलं चौथं प्रकरण हे चक्क शहरी माणसाच्या दिनक्रमावर आहे. रोज आंघोळ, एक दिवसाआड अंग चोळून घेणं, तिसऱ्या दिवशी फेस येणारं द्रव्य लावून अंग धुणं, चौथ्या दिवशी दाढी. खोलीत खुंटीला वीणा टांगलेली, चित्र काढायचा फलक, रंगांच्या कुंचल्यांची पेटी, एखादं पुस्तक. पोपटाला बोलायला शिकवायचं, दुपारी नटूनथटून गोष्ठीला जायचं, म्हणजे मित्रांच्या बैठकीला. हे सगळं वाचताना वाटतं की बरं, पैसेवाला रिकामटेकडा माणूस. पण त्यातच एक श्लोक आहे की बैठकीत बोलताना फार संस्कृतही झाडू नये आणि फार देशीही बोलू नये, असा बोलणारा लोकांत मानला जातो. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा श्लोक टेबलासमोर लावावा असा आहे. नागर बोलणं म्हणजे शुद्ध बोलणं नाही, समोर कोण बसलंय ते बघून बोलणं, हे वात्स्यायनाला कळलं होतं आणि आपल्याकडे अजून 'त्याची भाषा किती नागर' म्हणजे 'न आणि ण नीट उच्चारतो' एवढाच अर्थ लावणारे लोक आहेत.

शब्दाला दुसरी बाजूही आहे, आणि तुमच्या बॅरिस्टरसाठी ती जास्त कामाची. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात आत राजाची एक राणी, हंसपदिका, गात असते, त्या गाण्यात राजाला टोमणा असतो की मला विसरलास. राजाला तो कळतो, पण स्वतः जात नाही, विदूषकाला म्हणतो जा, नागरिकवृत्तीने तिची समजूत घाल. विदूषक बिचारा घाबरलेला, ती दासींकडून माझी शेंडी धरवून मला बडवेल म्हणतो. इथे 'नागरिकवृत्ती' म्हणजे काय? गोड बोलून, शिताफीने, समोरच्याला न दुखवता विषय मिटवणं. आणि विषय मिटवणं म्हणजे प्रश्न सोडवणं नाही हेही त्यात आलं. त्याच नाटकाच्या सहाव्या अंकात 'नागरिक' म्हणजे शहराचा कोतवाल, अंगठी विकायला आलेल्या कोळ्याला पकडून आणणारा. एका नाटकात एकच शब्द, एकदा अदब आणि एकदा पोलीस! कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नागरक हा शहराचा अधिकारीच आहे. आणि हाच नागरिक आज ज्येष्ठ नागरिक म्हणून एसटीत सवलत मागतो, नांगर धरणाराही तितकाच नागरिक असतो आणि पाचवा मजला चढून आलेलाही.

आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात नागर शब्दाखाली शहरात वाढलेला, सभ्य, चतुर असे अर्थ देत देत शेवटी वाईट, शहराचे दुर्गुण लागलेला इथपर्यंत येतात. (त्याच शब्दाचा अजून एक अर्थ सुंठ. अमरकोशात सुंठीच्या नावांत नागर आहे, त्यामुळे आयुर्वेदाचा मजकूर अनुवादायला आला तर 'नागर' बघून शहर शोधत बसू नका.) आणि मम्मटाने काव्यप्रकाश या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात एक प्राकृत गाथा दिलीये, ती तर मला पाठच आहे, अर्थ साधारण असा की मी गावात जन्मले, गावातच राहते, शहरातल्या रीती मला नाही ठाऊक, पण नागरिणींचे नवरे मी पळवते, आता मी जी कोण असेन ती असेन. शहरी रीतींवर इतकं चपखल उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही. सांगायचं हे की हा शब्द पहिल्यापासून कोणाच्या तरी नजरेतून येतो, नागर म्हणणारा आणि नागर ठरवला जाणारा यांच्यात अंतर असतं, आणि गावाकडची बाई ते अंतर ओळखून असते.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असं नाही, एका हस्तलिखितामुळे कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका बाईंचं आत्मकथन माझ्याकडे आलं होतं, शिकायला पुण्यात आल्या आणि तिथेच नोकरी करून राहिल्या. त्यात वाक्य होतं, 'हळूहळू मी नागर झाले.' मी पेन्सिलने 'शहरी' केलं, समासात लिहिलं की वाचकाला सोपं जाईल. बाईंनी पान परत पाठवलं, खाली चार ओळी. शहरी मी आठ दिवसांत झाले, त्याला दोन ड्रेस आणि एक सायकल लागली. नागर व्हायला दहा वर्षं लागली, म्हणजे राग आला तरी हसून बोलायचं, नको असलं तरी 'बघू' म्हणायचं, कोणी घरी या म्हणालं तर ते खरं नसतं हे समजायचं. आणि ते झाल्यावर मला आनंद झाला असं मी कुठे लिहिलंय?

मी शब्द जसाच्या तसा ठेवला. त्यानंतर नागरच्या जागी शहरी करण्याआधी मी दोनदा विचार करते. नगरात वसलं की नागर होतं म्हणतात, बरोबरच आहे, फक्त मध्ये किती वर्षं जातात ते ओवीत नाहीये.

आता अडचण कुठे येते ते सांगते. मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत नागर हा शब्द 'ग्रामीण'च्या समोर नेऊन उभा केला. नागर साहित्य आणि ग्रामीण साहित्य, नागर रंगभूमी आणि लोकरंगभूमी, लोकसाहित्याच्या अभ्यासात नागर आणि अनागर. तिथे तो पुन्हा पत्त्याचा शब्द होतो, आणि पत्त्याबरोबर जात आणि वर्गही चिकटून येतो, कारण नागर साहित्य म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं हे तुम्हालाही माहितीये. त्यामुळे पुण्यामुंबईचा वाचक 'माणूस नागर होता' हे कौतुक म्हणून वाचेल, आणि परभणीचा किंवा यवतमाळचा वाचक त्यात 'आमच्यासारखा नव्हता' असं ऐकू शकतो. दोघंही बरोबर आहेत. हे वाचक कोण आहे त्यावर आहे, इथे मी नियम देऊ शकत नाही. उलट बाजूच्या शब्दांचंही तसंच, संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्य हा चक्क दोष, आजही 'ग्राम्य विनोद' म्हणजे शिवीच, 'ग्रामीण' मात्र तटस्थ, आणि 'गावठी' तर बाजाराने उलटा केला, गावठी अंडं, गावठी कोंबडी, गावठी तूप म्हटलं की भाव वाढतो, गावठी दारू आणि गावठी कट्टा म्हटलं की पोलीस येतात.

कामाच्या चार गोष्टी. मी एक चाचणी लावते, 'नागर'च्या जागी 'शहरातला' घालून बघायचं. वाक्य तसंच उभं राहिलं तर नागरची गरज नव्हती, शहरी लिहा, आणि विषय पालिकेचा किंवा आकडेवारीचा असेल तर नागरी लिहा. वाक्य लंगडं झालं, अर्थ गळाला, तर तिथे नागरच हवा. तुमच्या वाक्यात 'बॅरिस्टर मोठा शहरातला होता' असं घालून बघा, कळेल.

लिहिताना, नागर हे विशेषण लिंगावरून बदलत नाही, नागर बाई, नागर माणूस, नागर बोलणं. भाववाचक नाम नागरता चालतं पण कोरडं आहे, मला नागरपणा आवडतो. नागरिक आणि नागरिकत्व यांत रि ऱ्हस्व, नागरी आणि नागरीकरण यांत री दीर्घ, ही चूक मोठमोठ्या अहवालांत दिसते. 'नगरी' वेगळा, ती एक तर नगरी म्हणजे शहर, नाही तर अहमदनगरकडचा माणूस, त्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी 'नगरी भाषा' हे लोकांच्या तोंडून जाणार नाही. आणि अनुस्वार! मी एकदा एका नाटकाच्या स्मरणिकेचं शेवटचं प्रूफ घाईत सोडलं आणि 'मराठी नांगर रंगभूमीची शंभर वर्षं' असं छापून आलं. ज्यांनी वाचलं त्यांच्यातल्या निम्म्यांना तो नवा प्रयोग वाटला म्हणे.

आता तुमचा बॅरिस्टर. नुसतं 'माणूस नागर होता' लिहू नका, वाचकाच्या हातात शब्द एकटा सोडला की तो आईसारखा 'शहरी'च वाचणार. शब्दाला शेजार द्या. 'बॅरिस्टरसाहेब मोठे नागर गृहस्थ, कधी आवाज चढला नाही की कोणाचं बोलणं मध्येच तोडलं नाही.' वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याचा अर्थ सांगतो, कोश उघडावा लागत नाही. 'गृहस्थ'ही मी मुद्दाम घातलाय, त्या काळातल्या मुंबईच्या बॅरिस्टरला 'माणूस' म्हणणं जरा उघडं वाटतं. हे वाक्य निवेदनात असेल तर नागर ठेवा. त्याच्या घरच्या स्वयंपाकिणीच्या किंवा गावाकडून आलेल्या पुतण्याच्या मनातलं असेल तर मात्र नागर काढून टाका, तो शब्द त्यांच्या तोंडचा नाही, तिथे 'काका बोलायचे अगदी मऊ, पण हातात काही लागू द्यायचे नाहीत' असं काहीतरी करा. सभ्य, शिष्ट, सुसंस्कृत हे पर्याय तुम्ही यादीत दिलेत, त्यातला सुसंस्कृत फार पुढे जातो, तो माणसाच्या आतलं प्रशस्तिपत्र देतो, शिष्टला आता 'शिष्टपणा'चा वास आलाय, आणि सभ्य बरा आहे पण सभ्य माणूस कंटाळवाणा असू शकतो, नागर माणूस नाही.

एक मात्र मला तुमच्या प्रश्नातून कळलं नाही. हा बॅरिस्टर पुढे कोणाला फसवतो का? लेखिकेने 'अर्बेन' सरळ वापरलाय का हंसपदिकेच्या राजासारखा, यावर बरंच अवलंबून आहे, कारण तसं असेल तर पहिल्याच पानावर 'मोठे' काढून 'फार नागर' करा, मराठीत 'फार' लागला की वाचक सावध होतो. तो जिथे पहिल्यांदा खोटं बोलतो ते पान असेल तर त्यातलं एखादं वाक्य इथे टाका, मग बघू.